एका रात्रीची जागा



या व्याख्यानमालेत मोठमोठे विषय येतात. तत्त्वज्ञान येते, इतिहास येतो, राष्ट्राचे अर्थकारण येते. चालक माझ्याकडे विषय विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, "लॉज." ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांतले एक जण आदबीने म्हणाले, "सर, पत्रिकेत छापायला थोडे बरे नाव नाही का देता येणार?" तेव्हा मी 'एका रात्रीची जागा' असे नाव दिले. पण आपल्यापासून लपवायचे कारण नाही. आज मी बोलणार आहे ते लॉजबद्दलच. मोठ्या हॉटेलांबद्दल नव्हे, तिथे मी कधी उतरलो नाही. लोखंडी खाट, एक बादली, भिंतीला एक खिळा आणि दारामागे दरपत्रक एवढीच ज्याची दौलत असते, त्या साध्या लॉजबद्दल.

माझा या विषयावरचा अधिकार एवढाच की मी एकतीस वर्षे सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो आणि त्यांतली बरीचशी वर्षे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेली. डोळखांब, किन्हवली, खर्डी, धसई, टोकावडे, जिथे म्हणून सोसायटी तिथे माझी फेरी. सोसायटीचे दप्तर एका दिवसात तपासून होत नाही. सचिव सकाळी शेतावर गेलेला, रोजकीर्द एका घरी, पावतीपुस्तके दुसऱ्या घरी. दुपारी जुळवाजुळव सुरू व्हावी आणि संध्याकाळी परतीची गाडी निघून गेलेली असावी, हा नित्याचा अनुभव. खेडेगावात 'मुक्कामी गाडी' हा शब्द आपण सर्व जाणता. रात्री येऊन थांबणारी आणि पहाटे निघणारी ती एस. टी. तिला मुक्काम ठरलेला असतो. माझ्यासारख्या माणसाला मात्र तो दर संध्याकाळी शोधावा लागे. त्या शोधात मला जे दिसले आणि जे माझ्या हातून घडले, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम हे लक्षात घेऊ की आपला मुलूख हा वाटेवरचा मुलूख आहे. एका बाजूला थळघाट, दुसऱ्या बाजूला माळशेज आणि नाणेघाट. बंदरावरून देशावर जाणारा माणूस आणि देशावरून बंदराकडे उतरणारा माल, दोन्ही आपल्या अंगणातून जात आले. घाट आला की मुक्काम आलाच. दिवस मावळताना कोणी घाट चढत नाही. बैल थकलेले असतात, पायथ्याला पाणी असते, माणूस म्हणतो, आजची रात्र इथेच काढू. म्हणून जिथे घाट तिथे उतारा, असे समीकरणच आहे.

नाणेघाट घ्या. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडून आपण चढू लागतो आणि घाटमाथ्याशी, जुन्नरच्या हद्दीत, ती प्रसिद्ध लेणी लागते. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख तिच्या भिंतींवर आहे. विद्वान त्याचा काळ साधारण इसवी सनापूर्वीचे पहिले शतक असा धरतात. राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती तिथे होत्या. आज मूर्ती नाहीत, वरची नावे आणि काही पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. लेखात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती कार्षापणे दिली याचे आकडे आहेत. हिशेबतपासनीस म्हणून माझी दृष्टी आकड्यांकडेच गेली, हे कबूल करतो. आपल्या देशातल्या अंकलेखनाचा अभ्यास करणारे या आकड्यांना फार महत्त्व देतात.

पण मला त्या घाटात याहून मोठा वाटला तो एक लहानसा लेख. घाटात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. जुन्या लेखांत त्यांना 'पोढी' म्हणतात. त्यांतली एक पोढी सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने दिली असे तिथला लेख सांगतो. सोपारा म्हणजे आजच्या वसईजवळचे नालासोपारा. तो माणूस बहुधा व्यापारी असावा. अनेकदा या घाटाने चढला असेल, घसा कोरडा पडला असेल, आणि मनाशी म्हणाला असेल की माझ्यामागून येणाऱ्याला इथे पाणी मिळाले पाहिजे. राणीच्या लेखात देणाऱ्याचे नाव आहे आणि घेणाऱ्याचा मान आहे. गोविंददासाच्या लेखात घेणाऱ्याचे नावच नाही. पाणी पिणारा कोण असेल हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची गरजही वाटली नाही. जो वाटेने येईल तो. श्रोतेहो, उताऱ्याच्या जागेचा मूळ धर्म मला या पोढीत दिसतो. कोण येणार हे माहीत नसताना त्याच्यासाठी सोय करून ठेवायची.

आता एक लांबचा दाखला देतो. दक्षिण अमेरिकेत ब्राझील देशात मिनास जेराइस नावाचा प्रांत आहे. नावाचा अर्थच सर्वसाधारण खाणी असा. तिथल्या डोंगरांत सतराव्या शतकाच्या अखेरीस सोने सापडले आणि त्यातून ओरू प्रेतू नावाचे शहर उभे राहिले. ओरू प्रेतू म्हणजे काळे सोने. हे सोने आणि त्या खाणीकामगारांचे अन्न वाहून नेण्यासाठी खेचरांचे तांडे समुद्रापासून डोंगरापर्यंत घाटवाटांनी जात. जसे आपल्याकडे लमाणांचे बैल, तशी तिथे ही खेचरे. त्या वाटांवर 'रांशू' नावाच्या छपऱ्या असत. चार खांब, वर छप्पर, बहुधा भिंती नाहीत. जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे की या छपराचे भाडे घेत नसत. मालक पैसा मिळवी तो खेचरांना लागणारा मका विकून. छप्पर फुकट आणि मका विकत! मला ही रीत फार शहाणपणाची वाटली. माणसाच्या निवाऱ्याला किंमत लावायची नाही, पण धंदाही बुडवायचा नाही.

मात्र चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांनी ते सोने खणले ते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते. तांड्याबरोबर गुलाम त्या छपराखाली निजत असेल, पण पाहुणा म्हणून नव्हे, मालाचा भाग म्हणून. पुढे सोने आटले, १८९७ साली प्रांताची राजधानीही त्या शहरातून हलली, आणि आज जगभरचे लोक तिथली जुनी देवळे पाहायला जातात व साध्या घरगुती हॉटेलांत उतरतात. तिथे उतरणाऱ्याला आता कोणी तू कोणाचा म्हणून विचारत नाही. पण हे 'आता' यायला किती काळ लागला! म्हणजे छप्पर असणे ही एक गोष्ट, आणि ते सर्वांसाठी असणे ही दुसरी. या दोन गोष्टींमधले अंतर आपल्या देशातही लहान नव्हते.

आपल्याकडे धर्मशाळेची परंपरा मोठी. अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतल्यावाचून तो इतिहास पुढे सरकत नाही. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा यांची नोंद त्यांच्या नावावर आहे. आपल्या लहान गावांतूनही कोणा सावकाराने वडिलांच्या स्मरणार्थ चार खणांची धर्मशाळा बांधलेली आढळे. ती बांधणाऱ्याचे मन मोठे होते यात शंका नाही. पण धर्मशाळेच्या दारात पहिला प्रश्न काय विचारला जाई? "कोण आपण?" त्या प्रश्नाचा अर्थ नाव काय असा नसे. त्याचा अर्थ जात कोणती असाच असे. उत्तर पसंत पडले तर पडवी मिळे, न पडले तर झाडाखाली जागा, आणि पाऊस असला तर झाडही नाही.

या प्रश्नाची सर्वांत बोचरी कथा एका साध्या हॉटेलातलीच आहे. १९१७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर परदेशचे शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला विद्वान, आणि बडोद्यात उतरायला जागा नाही. अखेर एका पारशी उतारगृहाचा पत्ता लागला. ते पारश्यांसाठीच होते आणि नोंदवहीत उतारूचे नाव लिहावे लागे. व्यवस्थापकाला गिऱ्हाईक हवे होते. तोड निघाली ती अशी, की वहीत पारशी नाव लिहायचे. रोजचे भाडे दीड रुपया. वरच्या मजल्यावर ते एकटेच. मोडक्या सामानाने भरलेला तो मोठा दिवाणखाना, मिणमिणता उजेड, आणि सोबतीला पुस्तके. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली दहाबारा पारशी माणसे आली आणि त्यांनी जागा सोडायला लावली. मित्रांच्या घरीही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे पाच तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढले. हे सर्व बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

मंडळी, या कथेत मला काठ्यांपेक्षा ती नोंदवही अधिक झोंबते. भाडे रोख घेतले, खोली दिली, पण नाव मात्र दुसऱ्याचे लिहिले. माणसाचे पैसे चालले, माणसाचे नाव चालले नाही.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याच्याच आधारावर महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा संग्राम उभा राहिला. आपण त्या ठरावातले पाणी लक्षात ठेवले आणि धर्मशाळा विसरलो. खरे तर दोन्ही एकाच ओळीतली आहेत. तहानेइतकीच रात्रही माणसाला चुकत नाही. स्वराज्यात राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचे दार सर्वांना उघडले, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने हॉटेलाबरोबर धर्मशाळा, सराई, मुसाफरखाना यांचीही नावे घेऊन सांगितले की तिथे कोणाला मज्जाव केला तर तो गुन्हा आहे. नुसती जागा नव्हे, तिथली भांडीकुंडी वापरण्याचा हक्कही त्यात स्पष्ट लिहिला. १९७६ साली तो कायदा अधिक कडक झाला आणि त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले.

आता मी माझ्या गोष्टीकडे येतो. इथवर जे बोललो ते पुस्तकातले होते. यापुढचे माझे आहे, आणि ते सांगायला मला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

१९७९ सालचा श्रावण. या दोन तालुक्यांपैकी एका गावी मी तपासणीला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. बरोबर माझे एक कनिष्ठ सहकारी होते. खात्यात येण्यापूर्वी ते काही दिवस शाळेवर होते, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, अक्षर मोत्यासारखे, आणि बेरजेत कधी एक पै इकडची तिकडे होणार नाही असे गृहस्थ. काम संपता संपता रात्र झाली. पाऊस असा की रस्ता दिसेना. कोणी सांगितले, बाजारपेठेत एका वाड्यात वर दोन खोल्या उतारूंना देतात.

आम्ही गेलो. वाड्याचे मालक ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मला खाते विचारले, गाव विचारले, आडनाव विचारले. मी सांगितले. मग मास्तरांकडे वळून त्यांनी आडनाव विचारले. मास्तरांनी आपले आडनाव सांगितले, सावकाश आणि स्पष्ट. मालक थोडा वेळ झोपाळ्याची कडी धरून बसले. मग मला म्हणाले, "एकच खोली आहे हो साहेब. आणि खाटही एकच."

दुसऱ्या खोलीचे दार उघडे होते. आतला कंदील मला दिसत होता. मास्तरांनाही दिसत होता.

कायदा मला पाठ होता. मी सरकारी माणूस होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होते. वाक्य राहू द्या, नुसते पाठ फिरवून मास्तरांबरोबर बाहेर पडलो असतो तरी चालले असते. पण माझे धोतर ओले होते, अंगात कसर होती, आणि मी गप्प उभा राहिलो. मास्तरांनीच माझी सुटका केली. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही पडा इथं. पहाटेची गाडी स्टँडवरनंच सुटते, मी तिथंच थांबतो. गाडी चुकायला नको." आणि छत्री उघडून ते गेले.

मी त्या खाटेवर निजलो. झोप लागली हेही सांगून टाकतो. झोप लागली नाही असे म्हटले असते तर आपल्याला बरे वाटले असते, पण लेखापरीक्षकाने खोटी नोंद करू नये. सकाळी स्टँडवर गेलो तर मास्तर दप्तराची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. स्वतः अर्धे भिजले होते, पण वह्यांना पाणी लागू दिले नव्हते. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. त्या रात्रीबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही.

यानंतर दोनएक वर्षांनी असेल, आम्ही दोघे कसाऱ्याच्या बाजूला होतो. घाटात दरड कोसळली आणि गाड्या थांबल्या. कसाऱ्याला आगगाडी आली ती १८६१ साली, आणि पुढे घाट फोडून ती इगतपुरीला पोचली १८६५ साली. तेव्हापासून घाटाने अडवले की कसाऱ्याला मुक्काम, हे ठरलेलेच. महामार्गाच्या कडेला एक लॉज होते. खाली खानावळ, वर पाच खोल्या, पत्र्याचे छप्पर. त्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की माणसाला ओरडून बोलावे लागे.

गल्ल्यावर एक मध्यमवयीन गृहस्थ बसले होते. त्यांनी आम्हांला पहिला प्रश्न विचारला तो असा: "जेवणार ना? मग आत्ताच सांगा, भात टाकायचा आहे." दुसरा प्रश्न: "किती वाजता उठवू?" मग त्यांनी एक लांब वही पुढे ओढली. तिच्यात रकाने होते. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, काम काय. माझे नाव त्यांनी लिहिले. मग मास्तरांकडे पाहून म्हणाले, "पूर्ण नाव सांगा. वडिलांचे आणि आडनाव सकट. पोलीस बघतात." मास्तरांनी सांगितले. गृहस्थांनी ते जसेच्या तसे लिहिले. आडनावाला हात अडखळला नाही. माझ्या नावाला जेवढा वेळ लागला तेवढाच लागला. मग ड्रॉवरमधून एक किल्ली काढून म्हणाले, "तीन नंबर. दोन खाटा आहेत. बादली बाहेर आहे, दोघांत एक."

जेवण साधेच होते. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, भात. शेजारच्या बाकावर दोन ट्रकचालक, पलीकडे कोणी भांड्यांचा फिरता व्यापारी. जेवण चालले असता एक ठाकूर गृहस्थ बायको आणि तापलेले पोर घेऊन दारात उभे राहिले. नाशिकला दवाखान्यात निघाले होते, गाडी अडली. खोलीचे भाडे त्यांना झेपणारे नव्हते. गल्ल्यावरचे गृहस्थ उठले, जिन्याखालची मोकळी जागा त्यांनी दाखवली, एक सतरंजी टाकली आणि म्हणाले, "इथं वारा लागणार नाही. दोन रुपये द्या सकाळी." दोन रुपये कशाला, असे माझ्या मनात आले. मास्तर हळूच म्हणाले, "बरं केलं पैसे मागितले. आता तो माणूस भाड्याने राहिला. उपकाराने नाही." हे वाक्य माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे. त्या गृहस्थांचेही नाव वहीत चढले. त्याखाली बोटाचा ठसा.

रात्री खाटेवर पडल्यावर पावसाच्या आवाजात मास्तर म्हणाले, "साहेब, बघितलंत? वहीत पूर्ण नाव लिहिलं." मी म्हणालो, "ते तर लिहितातच." मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचं लिहितात."

एवढेच. ती मागची रात्र त्यांनी एवढ्या दोन शब्दांत माझ्यापुढे ठेवली. मी अंधारात त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "झोपा आता. सकाळी गाडी लवकर आहे." मास्तर आज हयात नाहीत. त्यांच्यापाशी जे नीट बोलायचे होते ते मी आज आपल्यापाशी बोलतो आहे.

श्रोतेहो, आता मी एवढेच विचारतो की त्या दोन जागांत फरक कशाचा होता? वाड्याचा मालक दुष्ट होता आणि लॉजवाला संत होता, असे मी म्हणणार नाही. वाड्याच्या मालकाने माझे आतिथ्य उत्तम केले. पहाटे ऊन पाणी दिले, भाडे घ्यायलाही कुरकुर केली. लॉजवाल्याने भाडे मोजून घेतले आणि उशीचे वेगळे लावले. तरी मी म्हणतो की दोघांत धर्मशाळा होती ती लॉजवाल्याची. कारण वाड्यातल्या आतिथ्याला पाहुणा निवडायचा होता. लॉजवाल्याने दारामागे दरपत्रक लावले होते. दरपत्रक म्हणजे काय? आधीच दिलेला शब्द. जो कोणी एवढे पैसे देईल त्याला एवढी जागा मिळेल, मग तो कोणीही असो. १८६७ च्या सराई कायद्यात सराई चालवणाऱ्यावर दरांची यादी लावण्याचे बंधन घातले होते. सरकारचा हेतू लुबाडणूक थांबवण्याचा असेल. पण त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने न बोलता एक मोठे काम केले. त्याने आडनावाचा प्रश्न अनावश्यक करून टाकला.

पैशाने सगळे प्रश्न सुटतात असे मात्र कोणी समजू नये. बडोद्यालाही दीड रुपया घेतलाच होता. आणि ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यासाठी दरपत्रक म्हणजे बंद दारच. म्हणून जिन्याखालची ती सतरंजी आणि ते दोन रुपये मला महत्त्वाचे वाटतात. दर असावा, पण शेवटच्या माणसाला झेपेल असा एक दर त्यात असावा. आणि वहीत प्रत्येकाचे नाव लिहिले जावे, पूर्ण आणि खरे.

हे ज्यांना सर्वांत आधी कळले त्यांतले एक गाडगे महाराज. स्वतः झाडाखाली निजणारा हा माणूस. पण १९२० साली त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. ज्या चोखोबाला देवळाच्या पायरीशी थांबावे लागले त्याच्या नावाने, ज्यांना इतर धर्मशाळांत थारा नव्हता त्यांच्यासाठी. आणि १९४९ साली ती वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बडोद्यात ज्यांचे नाव वहीत लिहिता आले नाही, त्यांच्या संस्थेच्या हाती एका धर्मशाळेची किल्ली आली. इतिहासाने फेडलेले असे कर्ज क्वचितच पाहायला मिळते. आज मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्याच नावाची धर्मशाळा आहे. गावोगावहून कर्करोगाच्या उपचारासाठी आलेले रोगी आणि त्यांचे नातलग तिथे राहतात.

आता आपल्या गावांकडे पाहू. माहुलीच्या पायथ्याला, माळशेजच्या वाटेला आता बंगले आणि रिसॉर्टे उभी आहेत. पाऊस सुरू झाला की मोटारींची रांग लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोकांनी यावे, धबधबे पाहावेत, गावात चार पैसे यावेत. पण मी विचारतो, आडगावाहून तालुक्याच्या दवाखान्यात बायकोला बाळंतपणासाठी घेऊन आलेला माणूस रात्री कुठे निजतो? परीक्षेला आलेली वाडीवरची मुलगी कुठे थांबते? कोर्टाच्या तारखेला आलेला म्हातारा शेवटची गाडी चुकल्यावर काय करतो? रिसॉर्ट त्यांच्यासाठी नाही. जुनी लॉजे आपण नजरेतून उतरवली, काहींनी बदनामही करून घेतली. धर्मशाळा पडल्या किंवा त्यांचे गाळे झाले. मी पुष्कळ रात्री स्टँडचे बाक पाहिले आहेत. मास्तर ज्या बाकावर बसले होते तो बाक रिकामा झालेला नाही. फक्त त्यावर बसणाऱ्याचे आडनाव आता कोणी विचारत नाही, खिसा विचारतो.

माझी सूचना लहान आहे. वीस खाटांची एक जागा, दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी. बायकांसाठी वेगळा भाग, दोन स्वच्छ न्हाणीघरे, सामान ठेवायला कुलपाचे कपाट, गरम पाणी. दारावर दरपत्रक, आणि त्यात एक ओळ दोन रुपयांच्या जातीची, आजच्या भावाने जी होईल ती. फुकट नको. मास्तरांनी सांगितले ते आठवा, भाड्याने राहिलेला माणूस ताठ मानेने निघतो. आणि एक लांब वही. हिशेब मी पाहीन. डोळे अजून बरे आहेत, आणि त्या कामाचे भाडे मी घेणार नाही.

गोविंददास नावाच्या माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी घाटात पोढी खोदवली. ती कोणासाठी हे त्याने लिहिले नाही. आपल्या गावात एक जागा अशी असावी की जी कोणासाठी हे लिहावे लागणार नाही, आणि रात्री दाराशी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असा विचारला जाईल: "जेवणार ना? भात टाकायचा आहे."